काटा पायात, कळ मेंदूत

डोळे मिटा आणि पापणीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे कानाकडच्या कोपऱ्यावर, बोटाच्या टोकाने अगदी हलका दाब द्या. (डोळ्यांत लेन्स असेल किंवा डोळ्यांचं काही दुखणं असेल, तर हा प्रयोग नकोच.) क्षणभरात नाकाच्या बाजूला एक फिकट, गोलसर उजेडाचा डाग दिसेल. खोलीत मिट्ट काळोख असला तरी दिसेल. डोळ्यात प्रकाश शिरलेलाच नाही, फक्त दाब पडला आहे, आणि तरी दिसतोय तो उजेड. डोक्याला जोरात मार बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेही याच जातीचे.

डाग दाबलेल्या बाजूला न दिसता उलट्या बाजूला का दिसतो? डोळ्याच्या आतलं दृष्टिपटल कॅमेऱ्याप्रमाणे उलटी प्रतिमा घेतं. त्याच्या कानाकडच्या भागावर एरवी नाकाकडचं दृश्य पडतं. त्यामुळे तिथल्या पेशी कशानेही जाग्या झाल्या, तरी मेंदू त्याचा अर्थ 'नाकाकडे काहीतरी उजळलं' असाच लावतो. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमकं हेच मांडलं: आपल्याला काय जाणवणार, हे मज्जातंतूला कशाने डिवचलं यावर ठरत नाही, कोणता मज्जातंतू डिवचला गेला यावर ठरतं. दृष्टीच्या मज्जातंतूला दाबा, विजेचा हलका झटका द्या किंवा त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचवा. तो सांगणार एकच, उजेड.

हे एकदा पटलं की संवेदनांचा बाकीचा सगळा कारभार उलगडायला सोपा जातो. प्रकाश, आवाज, उष्णता, वास यांपैकी काहीही मेंदूपर्यंत जात नाही. मेंदू कवटीच्या आत, अंधारात आणि शांततेत बसलेला असतो. बाहेरच्या जगातल्या काही मोजक्या गोष्टींची मापं घेणारे संवेदक शरीराने जागोजागी बसवले आहेत, आणि ते सगळे आपापलं माप एकाच भाषेत पाठवतात. ती भाषा विजेची.

प्रत्येक चेतापेशीच्या पातळ आवरणाच्या आत आणि बाहेर विद्युतभाराचा फरक असतो. पेशी शांत असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. संवेदकावर काही घडलं की त्यातली काही उघडतात, धनभारित आयन आत येतात आणि हा फरक कमी होऊ लागतो. तो एका ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला, की शेजारची सोडियमची दारं धडाधड उघडतात आणि आतली बाजू क्षणभर चक्क धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. हा सारा प्रकार साधारण एका मिलिसेकंदात उरकतो, पण तेवढ्यात पुढच्या तुकड्यातली दारं उघडलेली असतात, मग त्याच्या पुढची. पेशीच्या लांबलचक तंतूवरून अशी जी लाट पुढे सरकत जाते, तिला आवेग म्हणतात. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ साली या दारांच्या उघडझापीचं गणित मांडलं. दाताच्या डॉक्टरांचं भूल देणारं इंजेक्शन सोडियमच्या याच दारांना कुलूप घालतं. दातावर जे व्हायचं ते होतच असतं, त्याचा निरोप तेवढा निघत नाही.

आवेगाचा एक गुण विचित्र आहे. तो एक तर उठतो किंवा उठत नाही; लहान आवेग, मोठा आवेग असं काही नसतं. मग हळुवार स्पर्श आणि जोराचा धक्का यांतला फरक मेंदूला कळतो कसा? एडगर एड्रियन या ब्रिटिश संशोधकाने १९२०च्या दशकात बेडकाच्या स्नायूला कमी-जास्त वजनं टांगली आणि त्यातून निघणाऱ्या एकेका तंतूतले आवेग टिपले. वजन वाढवल्यावर आवेगाची उंची तसूभरही वाढली नाही. ते एकामागोमाग एक जास्त घाईने येऊ लागले. दारावर थाप मारणाऱ्याचा जोर कायम तेवढाच असावा आणि किती निकड आहे ते त्याने किती भरभर थापा मारल्या यावरून ओळखावं, तशातली ही गत. या कामासाठी एड्रियन यांना १९३२ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

एड्रियन यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे. वजन तसंच टांगून ठेवलं, तर थोड्या वेळाने आवेग आपोआप विरळ होत गेले. वजन तेवढंच, तक्रार मात्र कमी. अंगावरचे कपडे, नाकावरचा चष्मा, बसलेल्या खुर्चीचा पाठीला होणारा स्पर्श, यांतलं काहीच आपल्याला दिवसभर जाणवत नाही; आत्ता उल्लेख झाला म्हणून कदाचित जाणवलं असेल. शरीराला स्थिर गोष्टींत फारसा रस नाही. काय बदललं, एवढंच ते विचारतं.

याचा सर्वांत टोकाचा नमुना डोळ्यात सापडतो. आपण एखाद्या ठिपक्यावर नजर रोखून धरतो तेव्हाही बुबुळं बारीक बारीक थरथरत असतात. ही थरथर म्हणजे दोष आहे असं वाटेल. पण १९५०च्या दशकात संशोधकांनी आरशांची आणि लेन्सची करामत करून दृश्य बुबुळाबरोबरच हलेल अशी सोय केली, म्हणजे दृष्टिपटलावरची प्रतिमा अगदी जागच्या जागी राहील. काही सेकंदांत पाहणाऱ्याला ते दृश्य दिसेनासंच झालं. उपकरणं नसतील तरी याची झलक मिळते. कागदाच्या मधोमध एक ठसठशीत ठिपका काढा, बाजूला बऱ्याच अंतरावर पेन्सिलीने फिकट धूसर डाग काढा आणि मधल्या ठिपक्यावर नजर अजिबात न हलवता वीसेक सेकंद टक लावा. बाजूचा डाग विरून जाईल, आणि नजर हलली की परत येईल. स्विस डॉक्टर ट्रॉक्सलर यांनी हे १८०४ सालीच नोंदवून ठेवलं होतं.

बदल मोजायचा म्हटलं की 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न आलाच. एर्न्स्ट वेबर यांनी १८३० च्या दशकात वजनं उचलायला लावून हे तपासलं. हातात हलकं वजन असेल तर थोडीशी भरही कळते, जड असेल तर तेवढ्याच भरीचा पत्ताही लागत नाही. फरक कळायला तो मूळ वजनाच्या एका ठरावीक हिश्शाइतका असावा लागतो. उचललेल्या वजनाच्या बाबतीत साधारण दोन-तीन टक्के. भर दुपारी पेटवलेली मेणबत्ती कुणाच्या लक्षातही येत नाही आणि रात्री तीच खोली उजळून टाकते, त्यामागेही हेच. आपल्या अंगात एकही खरीखुरी मोजपट्टी नाही, सगळा हिशेब टक्केवारीत चालतो.

आता त्वचेकडे वळू. पाच इंद्रियांच्या यादीत 'स्पर्श' असा एकच शब्द टाकून आपण मोकळे होतो, ते काही बरोबर नाही. बोटाच्या पेराखाली निदान चार वेगवेगळ्या प्रकारचे स्पर्शसंवेदक आहेत, शिवाय उष्णता, थंडी, वेदना आणि खाज यांचे तंतू वेगळेच. वरच्या थराला लागून असलेल्या मर्केलच्या पेशी सततचा दाब आणि कडा-कंगोरे टिपतात. ब्रेल ही उंचवट्यांची लिपी बोटाने वाचता येते ती मुख्यतः यांच्या जोरावर. त्यांच्या शेजारी असलेले माइसनरचे संवेदक हलका स्पर्श आणि निसटणं पकडतात. हातातला पेला जरासा घसरला की आपल्याला कळायच्या आत पकड घट्ट होते, ती यांच्या इशाऱ्याने. रुफिनीचे संवेदक त्वचेचा ताण मोजतात. आणि खोलवर असतात पॅचिनीचे संवेदक, थरावर थर चढवलेले, लांबीला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही दिसावेत असे. त्यांचं काम कंपनं टिपण्याचं. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनं असतील तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी थरथर त्यांना कळते. पेन कागदावरून सरकवताना कागद खरखरीत आहे की गुळगुळीत ते बोटांना कळतं. कागदाला बोट लागलेलंही नसतं, पेनातून आलेली कंपनं मात्र पॅचिनीच्या संवेदकांपर्यंत पोहोचलेली असतात.

दाबाचं विजेत रूपांतर नेमकं कोणत्या दारातून होतं, हे मात्र २०१० सालापर्यंत सस्तन प्राण्यांमध्ये सापडलं नव्हतं. आर्डेम पाटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने एकेक जनुक बंद करत करत पिएझो-१ आणि पिएझो-२ ही दोन प्रथिनं शोधली. पेशीचं आवरण ताणलं गेलं की ही दारं उघडतात, बस्स. उष्णतेचं दार त्याआधीच, १९९७ साली, डेव्हिड ज्युलियस यांना सापडलं होतं, तेही मिरचीचा माग काढताना. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला चिकटतं, तेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेनेही उघडतं. म्हणजे मिरचीने तोंड भाजल्यासारखं वाटतं ती भाषेची अतिशयोक्ती म्हणता येणार नाही. भाजल्याचा निरोप नेणाऱ्या तंतूवरूनच तो निरोप जातो, आणि मेंदूला फरक करायला काही साधन नसतं. घाम फुटतो, नाक वाहतं, चेहरा लाल होतो. शरीर खऱ्या उष्णतेचा बंदोबस्त करायला लागतं. पुदिन्यातलं मेंथॉल थंडीचं दार उघडतं, म्हणून तोंडात गारवा पसरतो आणि तोंडाचं तापमान मात्र होतं तिथेच असतं. पक्ष्यांच्या शरीरातलं हे उष्णतेचं प्रथिन थोडं वेगळ्या घडणीचं असल्याने कॅप्सेसिन त्याला चिकटत नाही. पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर टाकतात. ज्युलियस आणि पाटापुटियन यांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ओलेपणाचं काय? माणसाच्या त्वचेत ओलावा मोजणारा संवेदकच नाही. किड्यांमध्ये असतो, आपल्यात नाही. गारवा आणि सरकता, चिकटता स्पर्श यांची बेरीज करून मेंदू 'ओलं' असा निष्कर्ष काढतो. दोरीवरचे कपडे वाळलेत की अजून दमट आहेत, हे थंड हवेत हाताला नीट सांगता येत नाही त्याचं कारण हेच: कोरडं पण गार कापडही ओलं वाटतं. उलट पातळ रबरी हातमोजे घालून थंड पाण्यात हात बुडवला, तर थेंबही आत न येता हात भिजल्यासारखा वाटतो. ज्याचं माप घेणारं यंत्र अंगात नाही, त्याची जाणीव मेंदू इतर मापांवरून रचतो, आणि ती इतकी बेमालूम असते की आपण ओलेपणाला खुशाल एक स्वतंत्र संवेदना समजून चालतो.

निरोप निघाला, आता प्रवास. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ हे म्युलर यांचेच विद्यार्थी. मज्जातंतूतला निरोप इतका वेगवान असतो की तो मोजता येणारच नाही, असं गुरूचं मत होतं. शिष्याने १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायावर तो मोजला आणि आकडा आला सेकंदाला सुमारे ३० मीटर. वेगवान गाडीइतका, विजेच्या तारेच्या मानाने अगदीच गोगलगाय. माणसाच्या शरीरातही सगळे तंतू एका वेगाचे नाहीत. स्पर्शाचे जाड, चरबीचं वेष्टण असलेले तंतू सेकंदाला ३५ ते ७५ मीटर पळतात. वेदनेचे मात्र दोन प्रकार: पातळ वेष्टण असलेले सेकंदाला ५ ते ३० मीटर, आणि वेष्टणच नसलेले जेमतेम अर्धा ते दोन मीटर.

पायाचं करंगळीचं बोट पलंगाच्या पायाला आपटतं तेव्हा हे तिन्ही वेग ओळीने अनुभवता येतात. आधी नुसताच 'लागलं' असा धक्का. त्यापाठोपाठ एक तीक्ष्ण, जागा नेमकी सांगणारी कळ. मग एक विलक्षण क्षण येतो, ज्यात आपल्याला पक्कं ठाऊक असतं की खरं दुखणं अजून यायचं आहे. आणि ते येतं, सेकंद-दीड सेकंदाने, जळजळीत, ठणकणारं, पसरट. बोटापासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचा प्रवास त्या संथ तंतूंना तेवढा वेळ घ्यायलाच लावतो. उंच माणसाला थोडा जास्तच.

पण काट्यावर पाय पडला तर पाय मागे घ्यायला आपण एवढं थांबत नाही. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत शिरतो तिथेच दोन फाटे फुटतात. एक वर मेंदूकडे जातो. दुसरा तिथल्या तिथे मधल्या एखाद-दुसऱ्या चेतापेशीमार्फत पायाच्या स्नायूंना हुकूम सोडतो. मांडीमागचे स्नायू आखडतात, त्यांच्या विरुद्ध बाजूचे ढिले पडतात आणि पाय वर उचलला जातो. त्याच वेळी मज्जारज्जू ओलांडून दुसऱ्या पायाला उलटा हुकूम जातो की ताठ हो, नाहीतर माणूस पडेल. हे सगळं होऊन गेल्यावर मेंदूला कळ कळते. आपण मात्र अगदी खात्रीने सांगतो, 'दुखलं म्हणून पाय उचलला.' क्रम उलटा असतो.

वर निघालेला निरोप मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमध्ये थांबतो आणि तिथून बाह्यपटलाकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जातो. वाटेत तो बाजूही बदलतो: डाव्या हाताचा स्पर्श उजव्या अर्धगोलात. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर त्यांना जागं ठेवून शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या ऊतीत वेदनेचे संवेदकच नाहीत, त्यामुळे हे शक्य होतं. कानापासून टाळूकडे जाणाऱ्या एका पट्ट्यावर विजेची हलकी तार टेकवली की रुग्ण सांगे, 'अंगठ्यात मुंग्या आल्या', थोडं सरकवलं की 'ओठात'. अशा नोंदींवरून १९३७ साली शरीराचा एक नकाशाच तयार झाला, आणि त्यात ओठ, जीभ आणि बोटं यांनी प्रचंड जागा अडवलेली, तर अख्ख्या पाठीला चिमूटभर. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची दोन टोकं वेगवेगळी कळतात. पाठीवर तीच दोन टोकं चारेक सेंटिमीटर लांब असली तरच दोन वाटतात. कुणाला डोळे मिटायला सांगून, बोथट टोकाच्या दोन पेन्सिली पाठीला एकदम टेकवून पाहा. बहुतेक जण 'एकच आहे' म्हणून पैज लावतील.

नाकाचा मार्ग तेवढा आडवाटेचा. वासाचे संवेदक साधारण चारशे प्रकारचे, आणि त्यांचा निरोप थॅलॅमसला वळसा घालून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी उतरतो. जिभेवर गोड इथे, कडू तिथे असा जो नकाशा शाळेत रंगवून घेतात तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. कानातली रचना अफलातून आहे, पण तिला स्वतंत्र लेखच हवा. इथे एवढंच, की आवाज टिपणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात पंधराएक हजार असतात आणि त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हेडफोनचा आवाज वाढवताना हा आकडा डोक्यात असावा.

आता वेदनेबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. जेवढी इजा तेवढं दुखणं, असं आपण धरून चालतो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनाशामक हवं का? तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटलं. ते शुद्धीवर होते, बधिरही नव्हते. सुई नीट टोचली नाही तर कुरकुरत होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली याचं एक स्पष्टीकरण पुढे ठेवलं. मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला एक फाटक ओलांडावं लागतं, आणि ते फाटक दोघांना कमी-जास्त करता येतं: स्पर्शाच्या जाड तंतूंना खालून आणि मेंदूला वरून. मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, फुंकर घालतो. स्पर्शाचे निरोप तिथे गर्दी करतात आणि वेदनेची वाट अरुंद होते. वरून मेंदू स्वतःची अफूसारखी रसायनं सोडून फाटक आणखी ओढून घेऊ शकतो, जिवावर बेतलेलं असताना तर नक्कीच. भीती आणि काळजी यांनी तेच फाटक सताड उघडतं. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं दुखणाऱ्याला सुनावणारे लोक हे अर्धंच ऐकतात. मनाचा वाटा असतो म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. फाटक मज्जारज्जूत आहे, खरंखुरं.

जागाही चुकते. हृदयाला रक्त कमी पडलं की डावा हात किंवा जबडा दुखतो, कारण हृदयाकडून आणि हाताकडून येणारे तंतू मज्जारज्जूत त्याच मजल्यावर शिरतात आणि काही ठिकाणी त्याच चेतापेशींना भेटतात. हृदयाकडून निरोप क्वचित येतो, हाताकडून रोज. मेंदू रोजच्या अनुभवावर पैज लावतो आणि हरतो. ज्यांच्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे वेदनेच्या तंतूंमधली सोडियमची दारं चालतच नाहीत, अशी माणसंही आहेत. पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ साली ते जनुक कळलं. ऐकायला वरदान वाटतं. प्रत्यक्षात अशी मुलं जीभ चावून घेतात, हाडं मोडली तरी धावत राहतात.

मेंदू पैज लावतो असं म्हटलं, ते काही फक्त वेदनेपुरतं नाही. आरशासमोर उभे राहा आणि आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा, परत डाव्याकडे. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्वच्छ दिसतील. नजर उडी मारत असताना मेंदू ते चित्र दाबून टाकतो. सेकंदाला दोन-तीन अशा उड्या चालू असतात, आणि तरी जग सलग दिसतं. दृष्टीचा मज्जातंतू डोळ्यातून बाहेर पडतो तिथे एकही संवेदक नाही, तरी प्रत्येक डोळ्याच्या दृश्यातलं ते भोक आपल्याला जाणवत नाही. आजूबाजूच्या रंगाने ते सारवलेलं असतं.

स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, हेही त्यातलंच. हात हलवायचा हुकूम सुटतो तेव्हाच त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते, आणि 'आता इथे असा स्पर्श होईल' हा अंदाज आधीच तयार होतो. अंदाजाप्रमाणे आलेला निरोप मंदावून टाकला जातो. लंडनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांना यंत्राच्या हाताने स्वतःच्याच तळहाताला गुदगुल्या करायला लावल्या आणि हालचाल व स्पर्श यांच्यात सेकंदाच्या दोन-तीन दशांशांपर्यंत उशीर घुसवला. उशीर वाढेल तशा गुदगुल्या वाढल्या. अंदाज चुकला, की स्पर्श परका होतो.

एवढं बाहेरच्या जगाचं झालं. शरीराला स्वतःचीही बातमी ठेवावी लागते, आणि तो विभाग पाच इंद्रियांच्या यादीत कुठेच नाही. स्नायू किती ताणलेत, सांधे किती वाकलेत हे सतत मोजलं जातं. म्हणून डोळे मिटूनही नाकाला बोट लावता येतं. पिएझो-२ हे प्रथिन जन्मतःच निकामी असलेल्या दोन व्यक्तींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बघत असताना त्यांना चालता येत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधली की धडपडत, आपला हात कुठे आहे हेही सांगता येत नसे.

श्वासाचं माप तर आणखी आडवळणाचं आहे. श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन संपत आला म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. मुख्य माप असतं ते कार्बन डायऑक्साइडचं. तो रक्तात साठत जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना वाढलेली आम्लता कळते आणि श्वास घ्यायची ओढ अनावर होते. गळ्याजवळच्या धमन्यांत ऑक्सिजन मोजणारे संवेदक आहेत, पण तो बराच खाली गेल्याशिवाय ते फारसा आरडाओरडा करत नाहीत. रोजच्या जगण्यात हा आडमार्ग पुरतो, कारण एक वायू कमी होतो तेव्हा दुसरा वाढतच असतो. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही जण बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र बराच कमी होतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो तेव्हा तगमग सुरूच झालेली नसते, आणि पट्टीचा पोहणाराही कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो.

कार्बन मोनॉक्साइडची गत याहून वाईट. बंद खोलीत कोळसा किंवा इंधन अर्धवट जळून तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला पकडून बसतो आणि ऑक्सिजनची वाहतूक बंद पाडतो. पण गळ्याजवळचे संवेदक रक्तात विरघळलेला ऑक्सिजन मोजतात आणि तो जवळपास पूर्वीइतकाच असतो. कार्बन डायऑक्साइडही नेहमीसारखा बाहेर पडत असतो. दोन्ही मापं ठीक, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पेंग येते. त्या वायूचा संवेदक अंगात नसल्याने तो भिंतीवर बसवावा लागतो, आणि बंद खोलीत काही जळत असताना एकदम दोघा-तिघांचं डोकं धरलं, तर कारण शोधत न बसता आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं.